इंदूरचे हौसेराव

आमच्या मुकादमांचा आवाज गेला, तेव्हा कॉलनीतल्या बायका मला भेटायला आल्या आणि तोंडाला पदर लावून बसल्या. माणूस आत पलंगावर बसून पेपर वाचतोय आणि ह्या बाहेर मुसमुसतायत. मी चहा दिला आणि म्हटलं, "बायांनो, घसा काढलाय, माणूस नाही. रडायचंच असेल तर आपापल्या घरी जाऊन रडा." तेव्हापासून सुनयना तोंडाळ, असं कॉलनीत ठरलं. ठरलं तर ठरू दे.

मुकादम म्हणजे माझे मालक, शहाजी. आम्ही मूळचे पाटणकडचे, पण आयुष्य सगळं इकडं नवी मुंबईतच गेलं. वाशीच्या मार्केटात त्यांची माथाडीची टोळी होती आणि टोळीचे मुकादम तेच. सगळे मुकादम म्हणायचे म्हणून मीही मुकादमच म्हणायला लागले, कधी कौतुकानं, कधी डोकं फिरलं की टोमण्यानं. ह्या माणसानं कांद्याच्या गाळ्यावरून हाक मारली की बटाट्याच्या गाळ्यावरचा माणूस हातातला चहा खाली ठेवायचा, एवढा आवाज. घरी मात्र चिडीचूप. दिवसभर ओरडून आलेला माणूस घरी काय बोलणार? "वाढ" आणि "दिवा घालव", एवढ्यावर आमचा संसार झाला. दोघांच्या वाटचं मीच बोलायचे.

तंबाखूनं घात केला. मी किती वेळा पुड्या गटारात फेकल्या, पण ऐकतंय कोण. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथून. बोलण्यासाठी एक मशीन दिलं होतं, गळ्याला लावलं की घरघर करत शब्द निघायचे. मुकादम ते घेऊन एकदाच मार्केटात गेले. टोळीतल्या नव्या पोरांना हसू आवरेना आणि जुन्यांना रडू. घरी आले आणि मशीन कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं. मग मोबाइलवर लिहायला लागले. त्याच्या उत्तरात सगळे हात जोडलेलं चित्र पाठवायचे आणि गुलाबाची फुलं. त्यांनी तेही बंद केलं.

माझ्याशी बोलायला पाटी होती. तिच्यावर एकदा त्यांनी लिहिलं, "लोक मला बोलू देत नाहीत. आधीच अरेरे म्हणतात."

मी म्हटलं, "मी म्हणते का?"

"तू नाही. पण तू घरची."

आमची वैजयंती नेरूळला शाळेत शिकवते. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिनं आम्हाला ओढत नेलं. मुकादमांना गर्दी नको व्हायची, गळ्याला रुमाल बांधून आले कसेबसे. पोरांनी केलेले ज्वालामुखी वगैरे बघत आम्ही पुढं गेलो, तर कोपऱ्यात हॅम रेडिओ क्लबचं, म्हणजे हौसेनं बिनतारी बोलणाऱ्यांचं, टेबल होतं. एक काळासावळा, जाड भिंगाचा माणूस हेडफोन लावून बसलेला. तोंड बंद. बोटानं तारयंत्राची असते तशी एक चावी दाबत होता, कट्ट, कडकट्ट, आणि मधेच थांबून कागदावर लिहीत होता. वैजयंतीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "कोचीनचा माणूस हाय. जेवला काय इचारतो."

मुकादम जागचे हलेनात. मी दोनदा कोपर मारलं. त्यांनी खिशातून पेन काढून त्या माणसाच्या कागदावर लिहिलं, "कोचीनच्या माणसाला कळतं का, तुम्ही कोण, कसे आहात?"

त्या माणसानं आधी कागद वाचला, मग मुकादमांचा रुमाल बघितला. अरेरे म्हटलं नाही, हे मी लक्षात ठेवलं. "तुमी सांगाल तवढाच कलतं," तो म्हणाला. "हितं तोंडाचा काय काम नाय, काका. बोटाचा काम हाय."

हे कुंदनभाऊ. आमच्या शेजारच्या तळवलीचे, जासईला कंटेनर यार्डात नोकरी. रविवारी नेरूळला एका सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांचा क्लब भरतो. घरी येताना रिक्षात मुकादमांनी माझ्या पिशवीतल्या पाटीवर लिहिलं, "मला असा एक माणूस पाहिजे. फक्त एक. ज्याला माझं काहीच माहीत नाही." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? ऑपरेशननंतर ह्या माणसानं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

क्लबात सगळे शिकलेले. इंजिनियर, कॉलेजची मुलं, एक निवृत्त पायलट. मला वाटलं, आता आमची फजिती. पण तिथं सगळी जातकुळीच वेगळी. कुणी तारा जोडतंय, कुणी काठीला अँटेना बांधतंय, आणि नवीन आला की त्याला पहिल्यांदा काय विचारायचं, तर "ऐकू येतंय का नीट?" मुकादमांना एबीसीडी येत होती, पोत्यांवरच्या मार्क्यांनी शिकवलेली. टिंब आणि रेघ ह्यांच्या खुणा, त्याला मोर्स म्हणतात, पाठ करायच्या, एका अक्षराला एक खूण. हेडफोन लावला की मात्र खूण बघायची नाही, नुसती ऐकायची. कुंदनभाऊंनी सरावाला एक पिंपिं वाजणारा डबा दिला आणि दोन चाव्या. म्हणाले, "समोर कोनतरी लागल. एकट्यान नाय येयाचा."

समोर कोण असणार, मीच. मी आठवीपर्यंत शिकलेली. म्हटलं, ह्या वयात हे काय नवीन खूळ. पण एक चावी त्यांच्या पलंगापाशी आणि एक स्वयंपाकघरात ओट्यावर, मधे लांब वायर, असं करून बसले. कणीक मळता मळता डोक्यात टिंब-रेघ. बोलायचं मराठीच, अक्षरं इंग्रजी. महिनाभर नुसता गोंधळ. मग एका सकाळी डबा वाजला आणि मला सबंध वाक्य लागलं. "भाजीत मीठ नाही."

ऑपरेशन झाल्यापासून ह्या माणसानं माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. पाटीवर कुणी एवढ्यासाठी लिहितं का? मी रडून घेतलं आणि मग चावीवर उत्तर दिलं, "उठा आणि घ्या."

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे काय, लग्नापासूनचं साठलेलं सगळं यायला लागलं. फणसाची भाजी त्यांना कधीच आवडली नव्हती, हे तेव्हा कळलं. वैजयंतीच्या वेळी मी माहेरी होते, तेव्हा हा माणूस दोनदा पाटणच्या स्टँडपर्यंत येऊन परत गेला होता, कारण सासुरवाडीला हात हलवत कसं जायचं. मी चिडून विचारलं, "आवाज होता तेव्हा हे का नाही बोललात?" तर उत्तर आलं, "तेव्हा तू बोलत होतीस."

खरं होतं.

परीक्षा सरकारी असते. मोर्सची परीक्षा असलेलं मोठं लायसन्सच मुकादमांना पाहिजे होतं. मी बसले नाही. कुंदनभाऊ म्हणाले, वैनी, तुमी पन द्या. मी म्हटलं, "मला कुणाशी बोलायचंय? ज्याच्याशी बोलायचं तो घरात बसलाय." मुकादम पास झाले. क्लबात पेढे वाटले, पायलटसाहेबांनी हात मिळवला. पुढं कागद दिल्लीला गेले, पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, आणि मग नुसतं थांबायचं. लायसन्स आलं की स्वतःचं कॉलसाइन मिळतं, हवेतलं नाव म्हणा ना. शेवटची तीन अक्षरं आपल्या पसंतीची मागता येतात, तशी मुकादमांनी मागितली होती. ते येईपर्यंत ऐकायचं सगळं, पण चावीला हात लावायचा नाही. कुंदनभाऊंनी आपला जुना सेट आमच्याकडे आणून ठेवला, पाठवायची बाजू बंद करून. मुकादम खिडकीशी बसून तासन्‌तास ऐकायचे. कुठल्या कुठल्या गावची माणसं एकमेकांना हाका मारतायत आणि हे मधे गप्प. जत्रेला जाऊन वेशीबाहेर बसल्यासारखं.

आणि त्यातच दुखणं उलटलं. आधी मानेत गाठ, मग फुप्फुसात. डॉक्टरांनी मला आणि वैजयंतीला बाहेर बोलावून सांगितलं. आम्ही तोंड धुऊन आत गेलो, तरी मुकादमांनी एकदा बघितलं आणि त्यांना कळलं. पाटीवर त्यांनी मरणाचं काही विचारलं नाही. लिहिलं, "लायसन्स कधी?"

मग रोज तेच. मी खालून भाजी घेऊन आले की पाटी वर. "लायसन्स?" वैजयंती आली की पाटी वर. तिनं फोन केले, ईमेल केले. पद्धतीप्रमाणे चाललंय, असं उत्तर. दिल्लीच्या साहेबांना काय दोष देणार, त्यांच्यापुढं नंबर होता, माणूस नव्हता. मी गेले तडक नेरूळला.

"कुंदनभाऊ, तुमच्या क्लबच्या सेटवरून ह्यांना एकदा हाक मारू द्या. एकदाच."

"नाय, वैनी."

"कोण बघतंय?"

"बघत कोन नाय. आयकतात सगले." त्यांनी चष्मा काढला. "लायसन्स नसल्याला आमी बसवला, तर उद्या क्लबला टाला लागल. मुकादमांना तरी आवडल काय, चोरून बोलायला? त्यांनाच इचारा."

विचारायची गरज नव्हती. आयुष्यात एक पोतं ज्यानं इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, तो माणूस चोरून बोलणार? मी तोंडाला येईल ते कुंदनभाऊंना बोलले आणि घरी आले. बसमध्ये माझ्या डोक्यात आलं ते आलं. चूक का बरोबर, मला नका विचारू.

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला. मुकादमांना सांगायचं, लायसन्स आलं. सेट लावायचा, पण पाठवायची बाजू बंदच. हेडफोनच्या वायरीला आणखी एक वायर जोडायची आणि ती भिंतीच्या कडेनं माझ्या ओट्यापर्यंत आणायची. ह्यांनी हाक मारली की उत्तर मी द्यायचं. लांबचा कुणीतरी माणूस होऊन.

मग कुंदनभाऊ म्हणाले, "हवेत एक टिंब पन जायाचा नाय?"

"नाही."

"मग मना काय म्हायती नाय." संध्याकाळी स्कूटरवर वायरीचं भेंडोळं घेऊन आले. मुकादम झोपले होते तेवढ्यात काम केलं. जाताना ओट्यापाशी थांबून म्हणाले, "एक गोष्ट, वैनी. चावीवर परतेकाचा हात येगला असतो. मी डोले मिटून सांगीन, पायलटसाहेब हायत का कोन हाय. मुकादमांनी वरीसभर तुमचाच हात आयकलाय. पयल्या शब्दाला धरतील तुमाला."

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दोन दिवस मी शेजारच्या सुंदराबाईकडं चावी नेऊन सराव केला, डाव्या हातानं. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. डाव्या हातानं सगळं अडखळायचं, टिंब लांबायचं, रेघ तुटायची. तेच पाहिजे होतं.

लायसन्स आल्याचं सांगितलं तेव्हा मुकादमांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग पाटीवर, "कागद?"

"कुंदनभाऊंना फोन आलाय. कागद मागून येईल. तीन अक्षरं तुम्ही मागितली तीच."

त्यांनी दाढी करून घेतली. धुतलेला पांढरा सदरा मागितला. मी घातला, तर अंगात राहीना, खांद्यावरून घसरायचा. मी पाठीमागून पिना लावल्या. पलंगावर उशा रचून त्यांना बसवलं, हेडफोन दिले आणि म्हटलं, "मला कुकर लावायचाय, दार लोटून घेते. शिट्टीचा त्रास नको." आत येऊन कानात इयरफोनचं बारकं बोंडूक घातलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

हाक आली. सगळ्यांसाठी हाक, कुणी आहे का, आणि मागे त्यांचं कॉलसाइन, ती तीन अक्षरं. हात काय सरळ, काय ठाम. मार्केटातला आवाज होता तो. मला लगेच उत्तर देववेना. त्यांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा डाव्या हातानं चावी धरली आणि रचून ठेवलेलं कॉलसाइन दिलं. नाव हौसेराव. गाव इंदूर. मराठी माणूस.

क्लबात शिकवतात, पहिल्यांदा समोरच्याला सांगायचं, तुमचं कसं ऐकू येतंय. मी सांगितलं, "तुमचा आवाज एकदम स्पष्ट येतोय."

मग आलं, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

त्या दिवशी गाव, हवा, जेवण, एवढंच झालं. मी तोंड धुतलं, हात पुसत बाहेर गेले, "काय झालं, लागलं का कुणी?" मुकादमांनी पाटी माझ्या तोंडाशी धरली. "इंदूर!" आणि खाली, "हौसेराव. मराठी. बिचारा म्हातारा असावा, हात फार अडखळतो. मी हळू घेतलं."

मी हसले. संडासात जाऊन नळ सोडला आणि रडले. पण खोटं कशाला सांगू, खूप बरंही वाटलं. ज्या माणसाला सगळं जग बिचारा म्हणत होतं, त्याला म्हणायला एक बिचारा मिळाला होता.

मग रोज दुपारी हौसेराव यायचे. मुकादम इतर वेळी हाका मारायचे, कुणी उत्तर देत नव्हतं. कुंदनभाऊंनी सांगून ठेवलं होतं, अँटेना छोटी हाय, जवलपास तवढाच जाईल. इंदूर काय जवळ आहे? पण मुकादमांनी तो प्रश्न काढला नाही. वैजयंतीला मी सांगितलं होतं. ती दुपारची आली की दाराशी बसून राहायची. एकदा म्हणाली, "आई, बाबांना कळलं तर?" मी म्हटलं, "कळलं तर तुझी आई खोटारडी ठरेल. बघून घेईन मी."

हौसेरावांना मुकादमांनी मार्केट सांगितलं, टोळी सांगितली, पोत्याला आकडा कसा लावायचा ते सांगितलं. घशाचं सांगितलं नाही. एकदा हौसेरावांनी विचारलं, घरी कोण. उत्तर आलं, "बायको. तापट आहे. तोंडाचा पट्टा." मी ओट्यावर हात आपटणार होते. मग आलं, "तिच्यामुळं मी आहे."

मला कळायला पाहिजे होतं, अनोळखी माणसाला लोक काय काय सांगतात. मी हा खेळ मांडला तेव्हा तेवढा विचार केला नव्हता.

त्या दिवशी मुकादमांना धाप जास्त होती. ऑक्सिजन लावला होता. तरी हेडफोन मागितले. दुपारी चावी वाजली, सावकाश. "हौसेराव, एक सांगू?"

"सांगा."

"मी मरतोय."

अरेरे म्हणायचं नाही, एवढं एकच मनात घोकत होते. मी दिलं, "कळलं."

"फार भीती वाटते. रोज. सकाळी डोळे उघडले की पहिली तीच."

"घरी बोललात?"

"नाही. बायकोला वाटतं मी वाघ आहे. कळलं तर ती खचेल. तिला तसंच वाटू दे."

गॅसवर डाळ होती, ती करपायला लागली. मी तशीच गॅस बंद करून उभी. दार लोटलेलं, त्याच्या पलीकडं माझा नवरा भ्यालेला, आणि मी इंदूरला. काय वाटलं असेल मला, तुम्हीच सांगा. मला दार उघडून जायचं होतं. त्यांचं डोकं छातीशी धरायचं होतं. पण गेले तर त्यांचा तो एक माणूस मेला असता. आणि वर हेही कळलं असतं, की जिच्यापासून लपवलं तिनंच सगळं ऐकलं.

शेवटी मी डाव्या हातानं दिलं, "मलाही वाटते."

"तुम्हालाही?"

"हो. खूप."

उत्तर आलं. "मग बरं."

मी करपलेली डाळ फेकून दिली आणि आत गेले. मुकादम उशीला टेकून बसले होते, चेहरा अगदी निवांत. पाटीवर लिहिलं, "हौसेराव घाबरट आहे बिचारा. धीर दिला."

"चांगलं केलंत," मी म्हटलं. "तुमच्यासारखा धीर सगळ्यांना कुठून असणार?"

त्यानंतर मुकादमांना मी दोन तोंडांनी भेटायचे. हौसेराव त्यांना दुपारी विचारायचे, आज कशी आहे भीती? आणि ते सांगायचे, काल कमी होती, आज श्वास अडकला तेव्हा जास्त. तेच मुकादम संध्याकाळी मला पाटीवर "ठीक" लिहून दाखवायचे. मी "बरं" म्हणायचे आणि पाय दाबत बसायचे. कितीदा जिभेवर आलं. मी, जिच्या पोटात काही राहत नाही असं अख्खी कॉलनी म्हणते, ती गप्प राहिले. मला हौसेरावांचा राग यायला लागला. माझ्या नवऱ्याचं सगळं खरं त्या माणसाला मिळत होतं आणि मला नुसतं "ठीक".

बोटांतली ताकद गेली तसा त्यांचा चावीवरचा हात तुटायला लागला. शब्द अर्ध्यावर राहायचे. आता दोघंही अडखळत बोलायचो, इंदूर काय आणि नवी मुंबई काय. शेवटच्या दुपारी त्यांनी वेळेआधीच चावी वाजवली. मी पलंगापाशी त्यांचे पाय पुसत होते. त्यांनी मला हातानं खूण केली, जा, तुझं काम कर. मी गेले.

"हौसेराव?"

"आहे."

"माझं झालं की कुंदन तुम्हाला कळवेल. बायको तुमचा पत्ता शोधेल. सोडणार नाही ती. विचारेल, शेवटी काय बोलले."

"हो."

"तिला सांगा, मुकादम घाबरला नाही."

मी ओट्याची कड धरली.

"सांगाल?"

"सांगतो."

"शब्द?"

"शब्द."

मग त्यांनी हॅम लोक निरोप घेताना देतात तो ठरलेला आकडा दिला आणि चावी थांबली. मी बाहेर गेले तर हेडफोन स्वतःच काढून उशाशी ठेवलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला श्वास बिघडला. वैजयंतीनं डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांना वर घेऊन यायला ती खाली धावली. घरात आम्ही दोघंच. मुकादमांनी माझं मनगट धरलं. ज्या हातानं धड चावी दाबवत नव्हती, त्या हातात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. डोळे मोठे झालेले, माझ्यावर रोखलेले. मी ते डोळे ओळखले. रोज सकाळची ती भीती, जी मला माहीत नसायला पाहिजे होती.

घाबरू नका, मी आहे, एवढंच म्हणायचं होतं. कुठलीही बायको म्हणेल. मला म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर मरताना त्यांना वाटलं असतं, हिनं ओळखलं, मी घाबरलो हे हिला दिसलं. त्यांनी शब्द घेतला होता, आणि शब्द घेतल्याला एक दिवसही झाला नव्हता.

म्हणून मी बोलत सुटले, नेहमीसारखी. "आज पाणी लवकर गेलं. सुंदराबाईनं पुन्हा जिन्यात चपला काढल्यात, सांगून सांगून थकले. वैजयंती खाली गेलीय, येईलच. दुपारी मुगाची खिचडी करते, मीठ बघून घालते." त्यांचं माझ्याकडंच लक्ष. पकड सुटत नव्हती. मी बोलत राहिले, अगदी रोजच्या आवाजात. मग पकड आपोआप सैल झाली.

दहावं-तेरावं झाल्यावर कुंदनभाऊ सेट न्यायला आले. लायसन्सचा कागद आला होता. कॉलसाइनची शेवटची तीन अक्षरं मागितली होती ती नव्हती, दुसरीच कुठली तरी होती. मी एकदा बघितला आणि वैजयंतीकडं दिला. कुंदनभाऊ भिंतीकडेची वायर सोडवत स्वयंपाकघरापर्यंत आले. आमचं दोघांचं दुपारचं काय बोलणं व्हायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. आता ओट्यापाशी उकिडवे बसून वायर गुंडाळता गुंडाळता खाली मान घालून म्हणाले, "वैनी, राग नका मानू. तुमच्याशी बोलले असतील म्हनून इचारतो. शेवटाला भ्याले होते काय मुकादम?"

ह्या एका माणसाला सांगता आलं असतं. हौसेराव कोण, हे घराबाहेर त्याला एकट्याला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर माझं थोडं हलकं झालं असतं. त्याच्या हातातली वायर थांबली होती, तो वाट बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "मुकादम घाबरले नाहीत."